हा मासा एवढा मोठा कसा झाला?

नदीतले बहुतेक ट्राउट मासे मोठे होतच नाहीत. गोट्यांमधल्या अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिल्लांपैकी फार थोडी पहिलं वर्ष पार करतात, त्यातली थोडी दुसरं, आणि जी टिकतात तीही बहुतेक ठिकाणी वीत-दीड वीत लांबीला येऊन थबकतात. पाणी तेच, किडे तेच, हिवाळाही तोच. तरी त्याच नदीत एखादा मासा असा निघतो, की पाण्यात दिसला तरी आधी तो मासा वाटत नाही. तळाशी अडकलेला ओंडका वाटतो. मग त्या ओंडक्याची शेपटी हलते.

असा मासा पहिल्यांदा दिसला तेव्हापासून माझं नदीवर जाणंच बदललं. फ्लाय म्हणजे पिसं-दोऱ्यांनी गळावर बांधलेला नकली किडा किंवा मासा. तो टाकणाऱ्या फ्लाय रॉडवर ट्राउट पकडणारी माणसं भेटली की बोलणं बहुतेक वेळा एकाच वळणावर जातं: कुठली फ्लाय, किती नंबरचा गळ, कसला रॉड. मोठ्या माशाबद्दल तर हे जास्तच विचारलं जातं, जणू एखादी फ्लाय अशी आहे जी फक्त मोठ्यांनाच दिसते. मला वाटतं, विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा मासा एवढा मोठा कसा झाला? त्याच्या भावंडांना जे मिळालं नाही ते याला काय मिळालं, आणि कुठे? याचं उत्तर हाती आलं की तो कुठे असेल, केव्हा खाईल, काय खाईल, हे सगळं त्याच्यामागोमाग येतं. फ्लायचा नंबर सगळ्यात शेवटी येतो.

मुळात हे खाण्याचं गणित आहे. ट्राउट प्रवाहात तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारं खातो. मेफ्लाय किंवा कॅडिस या पाणकिड्यांची अळी, पाण्यातून वर येणारा कोष, पृष्ठभागावर पंख वाळवत बसलेला किडा. यातला एकेक घास काही मिलिमीटरचा. लहान माशाला त्यात भरपूर नफा असतो. मासा वाढतो तसा प्रत्येक वेळी अंग हलवण्याचा खर्च वाढतो, घास मात्र तेवढाच राहतो. एका टप्प्यावर जमा आणि खर्च सारखे होतात आणि वाढ थांबते. तिथून पुढे जायचं तर माशाला दोनच वाटा आहेत. एक तर किड्यांचा इतका सुकाळ असलेली जागा मिळवायची की तोंड उघडं ठेवून उभं राहिलं तरी पोट भरेल. नाहीतर आहार बदलायचा: तळाचे छोटे मासे, झिंग्यासारखे क्रेफिश, बेडूक, उंदीर, आणि स्वतःच्याच जातीची पिल्लं. आपल्याकडे मत्स्यन्याय म्हणतात तो ट्राउटच्या नदीत अक्षरशः चालतो, आणि जो मासा तो लवकर शिकतो तोच पुढे ओंडक्याएवढा होतो.

‘मोठा’ कशाला म्हणायचं यावर मासेमारांत एकमत नाही, आणि ते नसावंच. न्यूझीलंडमध्ये दहा पौंडांच्या पुढचा मासा म्हणजे खरी शिकार मानतात. अमेरिकेतल्या पुष्कळ नद्यांवर वीस इंचांचा मासा मोठा ठरतो, आणि डोंगरातल्या एखाद्या चिमुकल्या ओढ्यात बारा इंचांचा मासा तिथला राजा असतो. मी मोठेपण त्या त्या नदीवरून ठरवतो. नदीने जेवढं देता येईल तेवढं सगळं ज्याला दिलं, तो मोठा.

विक्रमी माशांच्या आकड्यांनी म्हणूनच मी फारसा हरखत नाही, पण त्यांच्यामागची कारणं मला फार महत्त्वाची वाटतात. ब्राउन ट्राउटचा जागतिक विक्रम २०२० मध्ये न्यूझीलंडच्या ओहाऊ कालव्यात झाला: ४४ पौंड ५ औंस, म्हणजे वीस किलोंच्या वर. त्या कालव्यांमध्ये सामन माशांची शेती चालते. पिंजऱ्यांतून निसटलेलं खाद्य प्रवाहाबरोबर खाली येतं आणि ट्राउट ते वर्षभर आयतं खातात. रेनबो ट्राउटचा विक्रम त्याहून मोठा आहे: ४८ पौंड, २००९, कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातला डीफेनबेकर तलाव. तिथे मत्स्यशेतीतून सुटलेले, तीन गुणसूत्रसंच असलेले वांझ मासे होते. त्यांची शक्ती अंडी धरण्यात आणि विणीच्या धावपळीत खर्च होत नाही, सगळी अंगावर चढते. हे दोन्ही मासे प्रचंड होते, आणि दोन्ही ठिकाणी कारण लपलेलं नाही. एकीकडे आयतं अन्न, दुसरीकडे वाचलेला खर्च. नदीतल्या रानटी माशालाही मोठं व्हायला याच दोन गोष्टी लागतात, फक्त त्याला त्या स्वतः शोधाव्या लागतात.

ट्राउट जगभर आपणहून पसरला नाही. माणसाने त्याला जगभर नेलं. ब्राउन ट्राउट युरोपचा आणि पश्चिम आशियाचा, रेनबो उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचा आणि रशियातल्या कामचाटकाचा. १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ नावाच्या जहाजातून दक्षिण इंग्लंडमधल्या नद्यांची अंडी शेवाळात गुंडाळून, बर्फाच्या कोठीत ठेवून, सुमारे तीन महिन्यांच्या प्रवासानंतर टास्मानियात पोहोचली. विषुववृत्त ओलांडताना ती उबली असती तर सगळंच संपलं होतं, आणि त्याआधीचे प्रयत्न तसे संपलेही होते. त्या खेपेतून जगलेल्या माशांची पुढची अंडी १८६७ मध्ये न्यूझीलंडला गेली. काश्मीरमध्ये १८९९ची पहिली खेप वाटेतच मेली, १९००मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी जगली. १९३५ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा देल फुएगो बेटावर ब्राउन ट्राउट सोडले गेले, आणि तिथल्या रिओ ग्रांदे नदीतल्या माशांनी कोणी न शिकवता समुद्राची वाट धरली. नदीत किडे बेताचे, समुद्रात खाणं अमाप. ते समुद्रात जाऊन धष्टपुष्ट होतात आणि विणीसाठी नदीत परततात. आज ती नदी समुद्रातून येणाऱ्या ब्राउन ट्राउटसाठी जगात पहिल्या रांगेत गणली जाते. नदी वाढवत नसेल तर मासा जिथे वाढता येईल तिथे जातो, एवढं त्या बेटाकडे पाहून कळतं.

या नव्या घरांमुळे मूळच्या देशी माशांचं नुकसानही झालं. न्यूझीलंडमधले गॅलॅक्सिड जातीचे छोटे मासे ट्राउट आल्यावर कित्येक ओढ्यांतून हटले. ट्राउटवर जीव असणाऱ्याने हेही मनात ठेवलं पाहिजे.

आकाराची कारणं शोधत गेलं की नकाशा वेगळाच दिसायला लागतो. स्कॉटलंड-आयर्लंडच्या खोल, थंड सरोवरांत फेरॉक्स म्हणून ओळखले जाणारे ब्राउन ट्राउट असतात. ते आयुष्याची सुरुवातीची वर्षं इतरांसारखेच हळू वाढतात, मग आर्क्टिक चार जातीचे मासे खायला लागतात आणि अचानक सुटतात. त्यांतले काही वीस वर्षांच्या पुढे जगल्याच्या नोंदी आहेत. नदीतल्या साध्या ट्राउटच्या आयुष्याच्या कितीतरी पट. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या व्हाइट नदीवर बुल शोल्स धरणाच्या तळातून वर्षभर थंडगार पाणी सुटतं, आणि कडक हिवाळ्यात धरणातले शॅड नावाचे छोटे मासे टर्बाइनमधून अर्धमेले होऊन खाली येतात. खालचे ब्राउन ट्राउट त्याची वाट बघतच असतात. तिथे जानेवारीत पांढरा, जखमी माशासारखा लडखडत जाणारा स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशाची नक्कल करणारी फ्लाय, टाकायचा, हे कुणी सांगण्याची गरज उरत नाही.

पण मला सगळ्यात आवडतं ते उंदरांचं वर्ष. न्यूझीलंडच्या डोंगरातली बीच नावाच्या झाडांची रानं दरवर्षी बी धरत नाहीत. काही वर्षं जवळजवळ काहीच नाही, आणि मग एका वर्षी सगळं रान एकदम बहरतं आणि जमिनीवर बियांचा थर पडतो. त्या बियांवर उंदरांची पिलावळ वाढत जाते. बी संपलं की भुकेले उंदीर रात्री इकडेतिकडे धावू लागतात, नद्या पोहून ओलांडायला जातात, आणि डोहातला ब्राउन ट्राउट खालून वर येतो. एकेका माशाच्या पोटात अनेक उंदीर सापडलेले आहेत. ज्या नदीत एरवी पाच-सहा पौंडांचे मासे असतात तिथे त्या उन्हाळ्यात त्याच लांबीचे मासे पोट सुटलेले, खांदे भरलेले दिसतात. झाडाचा बहर, जमिनीवरचं बी, उंदीर आणि मग मासा: एवढी लांब साखळी माझ्या फ्लायच्या टोकाशी येऊन संपते, हे मनात आलं की हातातला रॉड थोडा जड वाटतो.

अन्नानंतर दुसरी गोष्ट आसऱ्याची. मोठा ट्राउट आधी सुरक्षितता निवडतो, मग जेवण. बगळा, पाणमांजर, गरुड, माणूस या सगळ्यांच्या तावडीतून वर्षानुवर्षं सुटल्यावरच तो मोठा झालेला असतो. त्यामुळे तो नदीच्या सुंदर, मोकळ्या, खळाळत्या भागात क्वचितच असतो, जिथे आपले डोळे आधी जातात. काठाखाली पाण्याने कोरलेली कपार, आडव्या पडलेल्या झाडाचा बुंधा, दोन धारा मिळतात तिथला खोल, गडद पट्टा, मोठ्या दगडाच्या पुढची उशी. पुढची म्हणतो, कारण सगळे दगडाच्या मागे पाहतात. पाणी दगडावर आपटून मागे फिरतं तिथे पुढेही एक मंद जागा तयार होते, आणि तिथून समोरून येणारं सगळं खाणं पहिल्यांदा दिसतं. अशा जागेत तीन गोष्टी एकत्र येतात: मंद पाणी, हाताच्या अंतरावर वेगाची धार, आणि एका झेपेत गाठता येईल असा अंधार. तिन्ही असतील तर तिथे मासा असतो, आणि बहुधा त्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा. तो उचलला गेला तर काही दिवसांत दुसरा तिथे येतो, कारण जागा चांगली आहे हे त्यांनाही माहीत असतं.

आणि पुष्कळदा तो दिवसा दिसतच नाही. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या ऑ सेबल नदीच्या दक्षिण शाखेत मोठ्या ब्राउन ट्राउटच्या अंगात रेडिओ-प्रेषक बसवून केलेला एक अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की हे मासे दिवसा आपल्या ठरलेल्या आसऱ्याला पडून असतात आणि रात्री लांबवर फिरून शिकार करतात. दिवसभर ज्या डोहात आपण उत्तम फ्लाय वाहवत बसतो, तिथला मोठा मासा त्या वेळी जेवतच नसतो. त्याच राज्यात जूनच्या शेवटी हेक्साजेनिया ही बोटाएवढी मेफ्लाय अंधार पडल्यावर पाण्यातून निघते. तेव्हा लोक काळोखात छातीपर्यंत पाण्यात उभे राहून नुसत्या आवाजावर कास्ट करतात, म्हणजे फ्लाय फेकतात. लहान मासा किडा घेतो तेव्हा चुटकीसारखा आवाज येतो. मोठा घेतो तेव्हा पाणी आत ओढल्यासारखं, खोल.

दिवसा, स्वच्छ पाण्यात मोठा मासा गाठायचा तर त्याचे डोळे समजून घ्यावे लागतात. मला या भागात फार रस आहे, म्हणून थोडं रेंगाळतो.

पाण्याखालून वर पाहिलं तर बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीत दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत मावतं. मासा जितका खोल तितकी ती खिडकी मोठी: तिचा व्यास खोलीच्या साधारण सव्वादोन पट. एक मीटर खोल उभ्या असलेल्या माशाला डोक्यावर सव्वादोन मीटरचं एक वर्तुळ दिसतं. त्याबाहेर सगळा आरसा, ज्यात तळाचे गोटे उलटे दिसतात. पाण्यावर तरंगत येणारी फ्लाय खिडकीत शिरण्याआधी त्या आरशावर तिच्या पायांचे खळगे दिसतात, चमकणारे ठिपके. मासा आधी त्या ठिपक्यांवर वर यायला लागतो आणि मग, फ्लाय खिडकीच्या कडेला आली की, शेवटचा निर्णय घेतो. तोंड फ्लायच्या अगदी खाली आणून, प्रवाहाबरोबर मागे मागे सरकत, पाहून, परत जाणारा मोठा ट्राउट ज्याने पाहिला आहे त्याला हा निर्णय किती लांबू शकतो हे ठाऊक असतं.

खिडकीच्या कडेला, पाण्यालगतचं जग चेपलेलं आणि अंधूक असतं. पाण्याच्या पातळीपासून सुमारे दहा अंशांच्या खाली जे आहे ते त्याला जवळजवळ दिसत नाही. दहा मीटर अंतरावर याचा हिशोब पावणेदोन मीटर उंचीचा होतो. म्हणजे पाण्यात गुडघाभर उतरून वाकून चालणारा माणूस त्याच्या जगाच्या काठाखाली राहू शकतो, आणि उंच काठावर ताठ उभा राहिलेला माणूस आकाशात उभा असतो. शिवाय त्याच्या मागे एक आंधळा पट्टा असतो. प्रवाहाच्या उलट दिशेने, मागून जाण्याची सगळी रीत यावर उभी आहे. ऐकण्याचंही तसंच: अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पार्श्वरेषेने त्याला पाण्यातली कंपनं कळतात, त्यामुळे गोटे एकमेकांवर घासणारा एक बूट चांगल्या कास्टची सगळी मेहनत वाया घालवू शकतो. बोलण्याने मात्र काही बिघडत नाही. हवेतला आवाज पाण्यात फारसा उतरत नाही. तरी काठावर सगळे कुजबुजतच बोलतात.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या एका डोंगरी नदीवर मी या सगळ्याचा अर्थ नीट अनुभवला. तिथल्या वरच्या नद्यांमध्ये मासे कमी असतात, कधी एका किलोमीटरमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, पण असतील ते मोठे. वाटेकरी थोडे म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला किडे भरपूर. माझ्यासोबत तिथलाच एक जुना मासेमार होता. सबंध सकाळ आम्ही एकही कास्ट न करता चाललो. तो पुढे, मी मागे, ऊन पाठीवर ठेवून. तो पाण्याकडे बघायचा तेव्हा मासा शोधत नसायचा, त्याच्या आसऱ्याच्या जागा एकेक तपासत पुढे जायचा. उथळ, मोकळे पट्टे तो नजरेनेही शिवत नव्हता. माझी बोटं रॉडवर वळवळत होती, पण त्याच्या चालीत इतका विश्वास होता की घाई करावीशी वाटेना.

दुपारी तो थांबला आणि हात मागे करून मला खाली बसवलं. मला काहीच दिसेना. दगड, हिरवट पाणी, दगडाची सावली. मग ती सावली डावीकडे सरकली, आणि एक क्षण पांढरं काहीतरी उघडलं-मिटलं. तोंड. ट्राउट पाण्याखाली घास घेतो तेव्हा तोंडाचं आतलं पांढरं चमकतं. सावली पुन्हा जागेवर आली. आम्ही बराच वेळ नुसतं पाहत राहिलो. मासा दगडाच्या पुढच्या उशीत उभा होता, आणि चारातले तीन घास डावीकडे, वेगाच्या धारेच्या कडेला घेत होता. उजवीकडे जवळजवळ जातच नव्हता. एवढं कळल्यावर फ्लाय कुठे पडायला हवी ते ठरलंच: त्याच्या दोन मीटर वर, हातभर डावीकडे.

रॉडच्या जाड दोरीला, म्हणजे लाइनला, जोडलेला बारीक होत जाणारा दोरा, लीडर, पंधरा फुटांचा; त्याचा शेवटचा तुकडा, टिपेट, ४एक्स, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षाही बारीक. फ्लाय अगदी साधी, फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या तंतूंची आणि तांब्याच्या तारेची निंफ, म्हणजे अळीची नक्कल करणारी, बुडणारी फ्लाय. ही बनवली फ्रँक सॉयर यांनी, जे इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार होते. दोऱ्याऐवजी तारेनेच ती बांधली जाते, म्हणून ती पटकन बुडते, आणि एवढ्या कमी सामानात पाण्यातल्या अळीचा भास इतका नेमका दुसऱ्या कुठल्याच फ्लायमध्ये मला आढळलेला नाही.

फ्लाय कास्टिंगमध्ये फेकलं जातं ते वजन फ्लायचं नसतंच. फ्लाय जवळजवळ बिनवजनाची, वजन लाइनचं. रॉड लाइनच्या वजनाने वाकतो, थांबवला की सुटतो, आणि लाइनचा एक वळसा हवेत उलगडत पुढे जातो. त्या वळशाच्या शेवटी फ्लाय कशी उतरते यावर सगळं असतं. मोठ्या माशाच्या डोक्यावर लाइनची सावली पडली तर खेळ संपतो. म्हणून लाइन त्याच्या बाजूला, लीडर तिरका, आणि फ्लाय एकटी त्याच्या वाटेवर. आणि मग ती वाहताना तिच्यावर लाइनची ओढ येता कामा नये. बोटभर ओढही माशाला कळते, कारण खरी अळी प्रवाहाच्या वेगाने वाहते, त्याहून कमी नाही, जास्त नाही. लहान ट्राउट हे माफ करतो. जो किडे खाऊन एवढा झाला आहे त्याने हजारो खऱ्या अळ्या वाहताना पाहिलेल्या असतात.

पहिल्या वेळी फ्लाय जरा उजवीकडून गेली आणि मासा हललाही नाही. दुसऱ्या वेळी ती धारेच्या कडेला उतरली, बुडाली, आणि सावली डावीकडे कलली. पांढरं चमकलं. मी रॉड उचलला.

त्यानंतरच्या काही मिनिटांबद्दल लोक खूप लिहितात. मला त्यातलं एकच सांगावंसं वाटतं. बारीक टिपेटवर मोठा मासा थकवत बसणं हे कौशल्य नाही. रॉड सरळ वर धरून त्याला झुलवत ठेवलं तर तो दम धरतो आणि झुंज लांबते. रॉड आडवा, पाण्यालगत धरून बाजूने ओढायचं, तो डावीकडे गेला तर उजवीकडे, दिशा बदलली तर आपणही बदलायची. त्याचा तोल ढळतो, डोकं वळतं आणि झुंज निम्म्यावर येते. त्याच्या बरोबरीने खाली चालत राहायचं, म्हणजे प्रवाहाचं वजन टिपेटवर येत नाही. तो मासा रबरी जाळीत आला तेव्हा तो अजून जोमात होता. मला तो तसाच हवा होता.

२६ इंच लांब, घेर १५ इंच. लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले ८००, असं पौंडातल्या वजनाचं एक जुनं सूत्र आहे; ते सव्वासातच्या आसपास येतं. दहा नाही. त्या नदीने जे काही देता येईल ते त्याच्या अंगावर दिसत होतं: जाड खांदे, लहान डोकं, बाजूंना वितळलेल्या लोण्यासारखा पिवळा रंग, आणि त्यावर फिकट कड्यांतले काळे ठिपके. एवढा मोठा जीव कधी मीही हातात धरेन, असं वाटलं नव्हतं, आणि आनंदाने माझे हात थरथरत होते.

मी त्याला पाण्याबाहेर उचललं नाही. यामागे एक प्रयोग आहे, जो प्रत्येक मासेमाराने माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. १९९२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी रेनबो ट्राउटना टाकीत थकेपर्यंत पळवलं. ज्यांना नुसतं पळवलं त्यांपैकी ८८ टक्के बारा तासांनंतर जिवंत होते. ज्यांना त्यानंतर ३० सेकंद हवेत धरलं त्यांतले ६२ टक्के. ज्यांना ६० सेकंद धरलं, त्यांतले फक्त २८ टक्के. प्रयोगशाळेतली परिस्थिती कठोर होती, आणि नदीवरच्या पुढच्या अभ्यासांत मृत्यूचं प्रमाण याहून बरंच कमी आढळलं. पण दिशा स्पष्ट आहे. हवेत कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि दमलेल्या माशाला नेमका हवा असतो तो श्वास घेता येत नाही. एक छायाचित्र काढायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघा. माझ्याकडे त्या माशाचं छायाचित्र आहे, अर्धं पाण्यातलं, जाळीच्या कडेवरून घेतलेलं, आणि मला ते पुरतं.

मोठा मासा सोडण्याचं आणखी एक कारण त्याच्या मोठेपणातच आहे. मादी ट्राउट दर किलो वजनामागे साधारण दीड-दोन हजार अंडी घालते. लहान मादीच्या कितीतरी पट अंडी एका मोठ्या मादीकडून येतात, तीही मोठ्या आकाराची. आणि जो मासा इतक्या वर्षांचे पूर, दुष्काळ आणि बगळे पचवून उभा आहे त्याच्या रक्तात काहीतरी आहे, जे नदीत राहायला हवं. म्हणूनच शरद ऋतूत ब्राउन ट्राउट बारीक गोट्यांत खळगे करून अंडी घालायला उथळ पाण्यात येतात तेव्हा मी त्यांच्यावर फ्लाय टाकत नाही. त्या दिवसांत ते सगळ्यात सहज दिसतात, सगळ्यात मोठे दिसतात, आणि पकडायला सगळ्यात सोपे असतात. ज्यांना ते मासे हवेत त्यांच्याशी मी वाद घालतो, आणि घालत राहीन.

तापमानाचंही असंच. ट्राउटला थंड पाणी लागतं. १० ते १६ अंश सेल्सियस असताना तो चांगला खातो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते. २० अंशांच्या आसपास पाणी गेलं की मी रॉड आवरतो. थंड पाण्यात सोडलेला मासा जगेल, तापलेल्या दुपारी तोच मासा पोहत निघून जाईल आणि संध्याकाळी कुठेतरी तळाशी मरून पडेल, आपल्याला कळणारही नाही. अलीकडच्या उन्हाळ्यांत कितीतरी नद्यांवर दुपारनंतर मासेमारी बंद ठेवतात. मोठ्या माशांना याचा फटका आधी बसतो, कारण मोठ्या अंगाला प्राणवायू जास्त लागतो आणि थंड झरे मिळतात त्या जागा थोड्याच असतात. उन्हाळ्यात अशा झऱ्यांच्या तोंडाशी गोळा झालेले मासे दिसले तर तो मासेमारीचा मोका नसतो. तिथून दूर राहावं.

माझ्या वहीत प्रत्येक मोठ्या माशापुढे वजनाचा रकाना आहे, पण भरायला मला आवडतात ते दुसरे रकाने: पाण्याचं तापमान, तो कुठे उभा होता, काय खात होता. काही वर्षांच्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या की नदी बोलायला लागते. एका डोहाची नोंद मात्र अजून अर्धीच आहे. दिवसा, आडव्या झाडाच्या बुंध्याखाली, तळाला टेकलेला, काहीच न खाणारा, मी पाहिलेल्यांतला कदाचित सगळ्यात मोठा. त्याच्यापुढून निंफ गेल्या, स्ट्रीमर गेले, तो तसूभर हलला नाही. म्हणजे तो रात्री जेवतो, आणि जेवायला बहुतेक खालच्या उथळ पट्ट्यावर येतो, जिथे छोटे मासे काठाला लागतात. पुढच्या उन्हाळ्यात अमावस्येच्या आसपास तिथे जायचं आहे. सहा नंबरचा रॉड, जाड टिपेट, आणि फ्लाय म्हणून हरणाच्या केसांचा उंदीर. त्याआधी एक अख्खी दुपार काठावर घालवायची: पाय कुठे ठेवायचा, मागे फांदी कुठे आहे, मासा लागला तर खाली कुठवर चालता येईल, हे सगळं दिवसाउजेडी पाठ करून ठेवायचं.